सत्तेचाळीस नंबरचं झाड

हॉलंड
१४ ऑक्टोबर १९८४

काका,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. इकडे येऊन वर्ष झालं, पण एवढी आनंदाची बातमी आज पहिल्यांदाच लिहितेय. आमचा प्रकल्प मंजूर झाला! युरोपातल्या दहा देशांचा जो समूह आहे ना, त्यांच्या सरकारी पैशातून आपल्यासारख्या देशांबरोबर मिळून संशोधन करायची नवी योजना निघाली आहे. एकट्या विद्यापीठाला ते काही देत नाहीत. युरोपातले दोन-तीन देश एकत्र हवेत, आणि सोबत बाहेरचा एक. आमच्यात हॉलंड आहे, इटली आहे, फ्रान्स आहे आणि नागपूर! अर्जावर नागपूर हे नाव मी माझ्या हातानं टाइप केलं.

विषय ऐकून तुम्ही हसाल. संत्र्याचा डिंक्या! बुंध्यातून डिंक गळत गळत झाड वाळतं, तोच. त्यावर एक पांढरी पूड निघाली आहे, पाण्यात कालवून बुडाशी द्यायची. ती खरंच लागू पडते का, हे शेतकऱ्याच्या बागेतच बघायचं आहे. काटोल रोडवरची आपली बाग द्याल का? ऐंशी झाडं हवीत. चाळिसांना औषध, चाळिसांना काहीच नाही. काहीच म्हणजे काहीच, काका. तुम्ही दरवर्षी बुंध्याला मोरचूद-चुन्याची पेस्ट लावता, तीसुद्धा नाही. नाही तर झाड औषधानं वाचलं की तुमच्या हातानं, हे कळायचं कसं?

माझी इथली नोकरी याच कामावर आहे. दरवर्षी कराराचा नवा कागद होतो. नागपूरचा भाग नीट झाला तर तीन-चार वर्षांत डॉक्टरेट, नाही तर परतीचं विमान.

लहानपणी बाबांनी माझ्याकडून एका जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून घेतला होता. माझं पहिलं आणि शेवटचं कलम. ते झाड अजून आहे का हो?

तुमची
पुष्पलता


महाल, नागपूर
११ नोव्हेंबर १९८४

पुष्पे,

तुले आशीर्वाद. आधीच सांगून ठेवतो, मी बोलतो तसंच लिहीन. तुह्या प्रोफेसरासारखं लिहिणं मले जमत नाही.

तुह्यं पत्र मी अख्ख्या गल्लीले वाचून दाखवलं. दहा देशांचे लोक माह्या संत्र्याच्या बुडाशी डोकं लावून राहिले, हे ऐकून शेजारचा कवडू म्हणे, "चंपतराव, आता तुमी बी टाय बांधा गा." हसला लेकाचा पोट धरून. पण मले खरंच बरं वाटलं.

तरी एक सांग वं. बिमार झाडाले दवाई द्यायची नाही आणि उभं राहून पाहायचं, याले तिकडे शिक्षण म्हणते का? तुह्या काकूले सांगितलं तं ती म्हणाली, "माणसाच्या लेकराले बी असंच करते का हे लोक?" मी तिले गप्प बसवलं.

बाग देतो. काहून का तू मागितली. तुहा बाप, रामाजीभाऊ, गेला तेव्हा तू बारा वर्षांची होती. तेव्हापासून तुले कोणत्या गोष्टीले नाही म्हटलं, सांग? मॅट्रिकले नाही, एम. एस्सी. ले नाही. परदेशाले तं सारी भावकी आडवी आली होती, तरी मी स्टेशनवर तुही पेटी उचलून दिली. ऐंशी झाडं घे. पांढऱ्या लोकायनं सांगितल्याशिवाय हात लावणार नाही. शब्द देतो.

तुह्या हातचं झाड आहे. पाहायचं असंल तं येऊन पाह्य.

चंपतकाका


महाल, नागपूर
८ फेब्रुवारी १९८६

पुष्पे,

वर्षभर मी तुले फक्त खुशालीच लिहिली. आज कामाचं लिहितो, नीट वाच.

मागच्या साली तुमच्या लोकायनं झाडायले टिनाचे पत्रे लटकवले. एक ते ऐंशी नंबर. कोणाले लाल आणि कोणाले पांढरा, तो कागद तुमच्याकडूनच आला, चिठ्ठ्या काढून ठरवलं म्हणे. लाल म्हणजे दवाई, पांढरा म्हणजे राम भरोसे. नागपूरच्या कॉलेजचा माणूस महिन्याले येते, वहीत लिहिते, जाते. चाय बी घेत नाही.

आज मी स्वतः मोजून आलो. लाल पत्र्याची चाळीसच्या चाळीस झाडं कशी हिरवीगार आहेत! पांढऱ्यातल्या अकरायले डिंक फुटला. पानं पिवळी, शेंडे वाळून राहिले. मी काही आंधळा नाही वं. तुह्या पुडीनं काम केलं, झालं ना तुमचं? मंग आता कायची वाट पाहून राहिले? बाकीच्या एकोणतीस झाडायले पूड द्या. पूड नसंल तं मले पेस्ट लावू द्या. चुना माह्या घरचा, मोरचूद मी आणतो, फक्त तू हो म्हण.

आणखी एक. एखाद्या झाडाचा पत्रा बदलला तं चालते का? एकाच झाडाचा. पांढरा काढून लाल. कोणत्या झाडाचा ते विचारू नको.

काकू विचारते, तिकडे अंगावर घालायले काही जाड आहे का नाही.

चंपतकाका


हॉलंड
२ मार्च १९८६

काका,

पत्र मिळालं. प्रकल्पाची बैठक गेल्याच आठवड्यात इटलीत झाली. पाचही प्रयोगशाळांची माणसं होती, ब्रुसेल्सहून, म्हणजे पैसे देणाऱ्यांकडून, दोन अधिकारी आले होते. नागपूरचे आकडे मीच मांडले. अकरा झाडं म्हणजे योगायोगही असू शकतो. अजून काहीही सांगता येत नाही, असंच सगळ्यांचं मत पडलं. त्यामुळे पांढऱ्या पत्र्याच्या झाडांना पूडही नाही आणि पेस्टही नाही. प्लीज, काका.

तुम्हाला इथलं राजकारण माहीत नाही. इटलीवाले टपून बसलेत. भारतातल्या शेतकऱ्याकडून शिस्तीचं काम होत नाही, नागपूर बंद करा आणि तो पैसा आम्हाला द्या, असं ते जेवताना माझ्यासमोर बोलले. मी घास गिळला आणि म्हटलं, माझ्या काकांनी शब्द दिला आहे.

पत्रा बदलायचा तर विचारही मनात आणू नका. एखादं जास्त फळणारं झाड वाचवावंसं वाटणं मी समजू शकते. पण एका झाडाच्या लोभापायी चार देशांचं काम आणि माझी दोन वर्षं मातीत जातील.

काकूला सांगा, कोट घेतला आहे.

पुष्पलता


महाल, नागपूर
१९ सप्टेंबर १९८७

पुष्पलता,

तुमचे पाहुणे येऊन गेले. तिघं होते. दोघं बाप्ये, एक बाई. तू येशील असं वाटून काकूनं तिळाची चटणी कुटून ठेवली होती. तुले काम होतं म्हणे.

पांढऱ्या पत्र्याची अठ्ठावीस झाडं आजपावेतो वाळली. तोडायची बी नाही म्हणते, फोटो काढायचे असते. फोटो खूप काढले. वाळल्या झाडापाशी मले उभं केलं, दुपट्टा नीट करा म्हणे, हसू नका म्हणे. मी कुठं हसून राहिलो होतो?

सत्तेचाळीस नंबरापाशी तिघंही लय वेळ बसले. आजूबाजूचं पांढऱ्या पत्र्याचं सारं वाळलं, आणि हे एकटं कसं हिरवं, असं त्यायचं चाललं होतं. त्या बाईनं कॉलेजच्या माणसाकडून मले विचारलं, "या झाडाले तुम्ही काही केलं का?" मी म्हटलं नाही. मंग त्यायनं त्याच्या काड्या कापल्या, ओल्या कपड्यात गुंडाळल्या आणि घेऊन गेले.

काकूनं त्यायले पोहे पाठवले पण स्वतः बाहेर आली नाही. तू लोभाचं लिहिलं होतं ते पत्र मी तिले वाचून दाखवलं नव्हतं. तिनं माह्या पेटीतून काढून कवडूच्या पोरीकडून वाचून घेतलं.

बाकी कागदावर लिहिलं तसं सारं चालू आहे.

चंपतराव


हॉलंड
२५ जानेवारी १९८८

काका, काकू,

तुम्ही दोघं आधी काही तरी गोड खा, मग पुढचं वाचा!

पहिल्या प्रकल्पाचा अहवाल छापून आला, एक प्रत वेगळी पाठवते आहे. माझा प्रबंध स्वीकारला गेला. आणि खरी बातमी तर पुढेच आहे. सत्तेचाळीस नंबर! काका, चाळीस पांढऱ्या झाडांमधली एकतीस वाळली, आठ वाळायच्या वाटेवर आहेत, आणि हे एक झाड कशालाही दाद देत नाही. त्याचं कलम तर इतकं खाली बांधलंय की सांधा जमिनीला टेकलाय. रोग मातीतूनच चढतो, असं झाड सगळ्यात आधी जायला हवं. ते गेलं नाही, याचा अर्थ रोगाशी लढायची ताकद त्याच्या रक्तातच आहे. जगात असं झाड कुणाला सापडलेलं नाही!

ब्रुसेल्सनं त्यावर चार वर्षांचा नवा प्रकल्प मंजूर केला आहे. स्पेनही आला. पाच देश, नऊ प्रयोगशाळा, आणि प्रमुख मी. नागपूरची, महालातली पुष्पलता! त्या काड्यांची कलमं चार देशांच्या काचघरात वाढताहेत. पुढे हीच कलमं विदर्भातल्या शेतकऱ्यांना वाटायची आहेत. तुमची झाडं गेली त्या जागी पहिली रोपं तुम्हालाच मिळतील, तसं मी अर्जात लिहून घेतलं आहे.

फेब्रुवारीत आणखी शंभर काड्या लागतील. कॉलेजचा माणूस येईल.

मी इतकी खूश आहे की काय लिहू कळत नाही.

तुमची पुष्पे


महाल, नागपूर
२० मार्च १९८८

पुष्पे,

काड्या दिल्या नाहीत. कॉलेजचा माणूस दोनदा आला, दोनदा वापस पाठवला. काहून ते आता सांगतो.

तुह्यं पुस्तक भेटलं. वर चार झेंडे, आत चकचकीत कागद. मी ते घेऊन तुह्या कॉलेजच्या जुन्या बाईकडे गेलो, इंदुताईकडे. म्हटलं, बाई, आमच्या पोरीनं काय लिहिलं ते मले मराठीत सांगा, ऐकू द्या जरा. त्या खुशीनं वाचत बसल्या. माहा फोटो आहे, खाली लिहिलं आहे "स्थानिक शेतकरी". नाव नाही. ठीक आहे, नावाचं लोणचं घालायचं आहे का मले?

मंग बाई एका पानावर थांबल्या. मी म्हटलं, वाचा ना. त्यायनं वाचलं. फेब्रुवारी शहाऐंशी, इटलीची बैठक. औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला आहे, तरी आकडेवारी पूर्ण व्हावी म्हणून पांढऱ्या पत्र्याची झाडं शेवटपर्यंत तशीच ठेवावी, असं ठरलं. खाली पाच सह्या. चौथी तुही.

मी बाईले तीनदा वाचाले लावलं. निर्विवाद म्हणजे काय तेही विचारलं.

तू मले मार्चात लिहिलं, अजून काही सांगता येत नाही. सांगता येत होतं, पुष्पे. तुले पक्कं मालूम होतं. त्या रोजी पांढऱ्यातली अकराच बिमार होती. बाकीची एकोणतीस उभी होती. रामाजीभाऊनं आणि मी खड्डे खणून, डोक्यावर घागरी वाहून जगवलेली. मी रोज त्यायच्या मधून चालत गेलो आणि हात मागं बांधून ठेवले. तुह्या शब्दासाठी! मले खोटं सांगायचंच होतं तं एवढं तरी म्हणायचं, काका, मालूम आहे पण माह्या नोकरीसाठी मरू द्या. मी मरू दिली असती. हो, दिली असती. मले त्याचाच जास्त राग आहे.

आता माहं ऐक. मी बी खोटं बोललो.

तो सत्तेचाळीस नंबर म्हणजे तुह्यं झाड. सहासष्ट सालचं, आठ वर्षांची होती तू. जमिनीवर फतकल मारून बसली आणि दोन बोटावरच डोळा भरला. मी म्हटलं, वीतभर वर पाहिजे, हे टिकणार नाही. तुहा बाप हसला आणि म्हणाला, राहू दे, पोरीचा हात आहे. तुमच्या चिठ्ठ्यायनं त्यालेच पांढरा पत्रा दिला. म्हणून मी पत्रा बदलायचं विचारलं होतं. तू त्याले लोभ म्हटलं.

तुह्या जवाबानंतर मी त्याले पेस्ट लावाले सुरुवात केली. पंधरा पंधरा दिवसांनी. बुडाशी चार बोटं माती उकरायची, सांध्याले आणि खाली मुळापावेतो मोरचूद-चुना फासायचा, परत माती लोटून वर गवत टाकायचं. सांधाच जमिनीत, मंग वरून कोणाले दिसते? नऊ प्रयोगशाळांच्या बापाले दिसलं नाही. त्या झाडाच्या रक्तात काही नाही. ते साऱ्या बागेतलं सगळ्यात कमजोर झाड आहे.

मी आजपावेतो सांगितलं नाही, काहून का तुही नोकरी जाईल. पण आता तू त्याची कलमं लोकायले वाटणार. तुह्या भरोशानं गावोगावचे लोक ते लावतील, हे झाड बिमार होत नाही म्हणून पेस्ट लावणं सोडतील, आणि पाच-सात वर्षं पाणी घालून वाढवलेली बाग एका सालात बसंल. ते मले पाहवणार नाही. तू तिकडे सांगून टाक. माह्यावर ढकल, म्हण का अडाणी काकानं घोळ केला. मी कबूल आहे.

काकूचा मोतीबिंदू गेल्या सोमवारी धंतोलीच्या दवाखान्यात काढला. उजवा डोळा. तिले यातलं काही सांगितलं नाही.

चंपतकाका


हॉलंड
१५ मे १९८८

काका,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सप्टेंबरनंतर तुमचं एकही पत्र मला मिळालेलं नाही. टपालाचं असं होतंच. मध्यंतरी काही लिहिलं असेल तर कृपा करून ते पुन्हा लिहू नका. इथली पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर येतात आणि कधी कधी दुसऱ्या कुणाकडून उघडली जातात.

एक जूनपासून नवा प्रकल्प सुरू होतो आहे. माझी नोकरी कायम झाली. माझ्या हाताखाली सहा जण आहेत. त्यांतले दोघं बायका-मुलांना घेऊन दुसऱ्या देशातून इथे राहायला आलेत. सगळ्यांचं पोट या कामावर आहे, हे तुम्ही समजून घ्याल. काड्या आता लागणार नाहीत, इथल्या कलमांवरून पुरेशा निघतील. पुढच्या वर्षी पाहणीसाठी समिती नागपूरला येईल. तेव्हा झाड बघायचं म्हणतील.

काकूचा डोळा आता कसा आहे? चष्म्याचा नंबर कळवा, इथून चांगला करून पाठवते.

सत्तेचाळीस नंबरची काळजी घ्या. आजवर घेतलीत तशीच.

पुष्पलता


महाल, नागपूर
९ ऑक्टोबर १९८८

पुष्पलता,

तुह्यं पत्र भेटलं. माहं तुले भेटलं नाही म्हणते. मंग काकूच्या डोळ्याचं तुले कोणी सांगितलं वं? मोतीबिंदूचं मी त्या एकाच पत्रात लिहिलं होतं. इंदुताईले विचारलं, त्यायनं तुले लिहिलं नाही. कवडूले तुहा पत्ता मालूम नाही.

शेवटी मी काकूले सारं सांगितलं. तुह्यं पत्र तिच्यासमोर वाचलं. "आजवर घेतलीत तशीच" इथं आलो तं ती म्हणाली, "म्हणजे तुमी चोरून लावा असं म्हणते का ते पोट्टी?" मी पत्र घडी घालून ठेवलं. ती म्हणाली, "चष्मा नको म्हणा. आहे तेवढं दिसते."

मृगाच्या आधी मी पेस्ट कालवली होती. डबा घेऊन सत्तेचाळीस नंबरापाशी बसलो, माती बी उकरली. मनात म्हटलं, आजपावेतो तुह्या प्रेमानं लावत होतो. आता लावली तं ती तुह्या खोट्याले लावल्यासारखी होईल. डबा तसाच उचलला आणि वापस आलो. तेव्हापासून लावली नाही. तुमीच शिकवलं ना मले, हात लावायचा नाही, पाहायचं. मी पाहून राहिलो. चार महिने रोज गेलो. लुना रस्त्यात बंद पडली त्या दिवशी पायी गेलो.

भाद्रपदात डिंक आला. आधी सांध्यावर एक थेंब, मंग बोटभर चीर पडली. आता अर्धं बुड सोललं आहे आणि पानं पिवळी पडली. त्या झाडाची काही चूक नव्हती, हे मले राहून राहून वाटते. तुह्या बापाले काय सांगू, तेही वाटते. पण ते नाही गेलं तं गावोगावच्या बागा जातील, म्हणून मी लावलं नाही. तिथं बसून रडलो बी, आता लपवून काय करू.

पुस्तकाच्या मागच्या पानावर ब्रुसेल्सचा पत्ता आहे. इंदुताई म्हणाल्या, चंपतराव, मी इंग्रजीत लिहून देते, तुम्ही फक्त सही करा. मी नाही म्हटलं. पुस्तकात सही तुही आहे. सांगायचं तं तूच सांग. समिती आली तं मी बागेचं फाटक उघडून देईन आणि काही विचारलं तं खरं सांगीन. यावेळी खोटं बोलणार नाही.

लिफाफ्यात डिंकाचा एक खडा ठेवला आहे. सत्तेचाळीस नंबरचा आहे, माह्या हातानं काढला. पत्र हरवते, ऑफिसात कोणी उघडते, सारं मान्य. पण हा खडा तुह्या टेबलावर पडला, तं भेटला नाही असं लिहू नको.

चंपतकाका